डांबराचं ठिगळ

सायकल एकदम जड झाली. मागं वळून पाहिलं तर चाक रिमवर बसलेलं. माय कॅरिअरवरून खाली उतरली आणि पदर सावरत उभी राहिली. मला मनातून बरं वाटलं.

"चाल, परत फिरू," मी म्हणालो. "टायरमधली हवा गेली. आता कसं जाता येते?"

मायनं कॅरिअरला बांधलेलं गाठोडं सोडून बाभळीच्या बुडाशी ठेवलं आणि सायकल उलटी कर म्हणाली.

सायकल बाची. बा कापडाची फेरी करायचा. लुगडी, खण, धोतरं कॅरिअरवर बांधून गावोगावच्या बाजाराला जायचा. शकुन आणि मी लहान असताना आम्हाला आजीजवळ ठेवून मायही कधी कधी त्याच्याबरोबर जायची. बाजारात बायका तिच्याकडूनच खण घ्यायच्या. वाटेत काटा लागला की बा आणि ती दोघं मिळून ट्यूब बांधायची. पुढं बा तापानं गेला, फेरी बंद पडली, सायकल मात्र राहिली. सीटखालच्या पिशवीत त्याचे दोन चपटे चमचे होते, टायर काढायचे, आणि एक बोथट चाकू. सोल्यूशनची नळी केव्हाच वाळून गेलेली.

मायनं चमचे घातले आणि टायरची कड रिमवरून उचलली. मी बाजूला उभा राहून बघत होतो. मला मदत करायची नव्हती.

नदीपलीकडे महारोग्यांचा आश्रम होता. मायला तिथं जायचं होतं, कायमचं. आणि मी तिला तिथं पोचवावं, हे तिनं आणि उकंडामामानं, म्हणजे तिच्या थोरल्या भावानं, मिळून ठरवलं होतं.

तिच्या दंडावर एक फिकट चट्टा होता, पुष्कळ दिवसांपासून. मग कानाच्या पाळ्या जाड झाल्या. भुवया विरळ झाल्या. ती पदर कपाळावर ओढून घेऊ लागली. मी म्हणायचो नायटा आहे, उष्णता आहे, वैद्याकडचा लेप लाव. ती लावायची. शकुनचं साक्षगंध माघात झालं तेव्हा माय चुलीपाशीच बसून राहिली, बाहेर आलीच नाही. सासरच्या बायकांना वाटलं विहीणबाई लाजाळू आहे. पण लग्न वैशाखात होतं. लग्नात मुलीच्या मायला चुलीमागं बसता येत नाही. एकीनं जरी नीट पाहिलं असतं तरी लग्न तिथंच मोडलं असतं, आणि रगतपितीच्या घरची पोरगी म्हणून शकुनला पुन्हा कुणी विचारलं नसतं.

मामा म्हणाला, तुळसा, तू म्हणशील तसं. मी एकटाच नाही म्हणत होतो. लग्न मोडलं तर मोडू दे, मी शकुनला जन्मभर सांभाळीन, असं मी म्हणालो होतो. तेव्हा माय म्हणाली होती की सांभाळणं वेगळं आणि तिचा संसार होणं वेगळं. आणि मग एक दिवस सकाळी ती गाठोडं घेऊन सायकलीजवळ येऊन उभी राहिली. शकुनला सांगितलं, मामाच्या गावाला जाते, लग्नाचं बोलायला. शकुन तेव्हा अंगण सारवत होती. हात शेणाचे म्हणून ती उठलीसुद्धा नाही, तिथूनच "लवकर ये" म्हणाली.

बाभळीखाली मायनं ट्यूब बाहेर ओढली, दांड्याला लावलेल्या पंपानं थोडी हवा भरली आणि गालाजवळ धरून फिरवली. हवा कुठून निघते ते तिला गालाला कळलं. काटा अजून आतच होता, तो तिनं उपटला. भोक होतं तिथं तिनं ट्यूब दुमडली आणि गाठोड्याची सुतळी काढून करकचून बांधली. बा असंच करायचा. भोक असलेला तेवढा भाग गाठीत बांधून टाकायचा, उरलेल्यात हवा भरायची. ट्यूब तोकडी होते, ओढूनताणून बसवावी लागते, पण चालते.

"धर इकडून," ती म्हणाली.

मी धरलं नाही. तिनं गुडघ्यानं दाबून एकटीनंच टायर बसवलं. मग पंप माझ्या पुढ्यात ठेवला आणि बसून राहिली. माझ्या लक्षात आलं, मी हवा भरली नाही तर ती पायी निघेल. मी हवा भरली.

पुढं सडक लागली. सडकेवर डांबराचं काम चालू होतं. कडेला खडीचे ढीग, डांबराची पिंपं. माणसं लांब एका आंब्याखाली जेवायला बसली होती. मी खडी चुकवत चाललो होतो तरी एक धारदार गिट्टी लागलीच. यावेळी आवाज मोठा झाला. टायर बाजूनं बोटभर फाटलं होतं आणि आतली ट्यूबही.

मी सायकल खाली टाकली. म्हणालो, देवालाच मंजूर नाही. म्हणालो, आता सुतळीनंही होत नाही. तुला काही झालेलंच नाही, आपण यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात जाऊ, ते सांगतील नायटा आहे म्हणून. पुष्कळ बोललो. उन्हात उभा राहून मायशी असा मी कधी बोललो नव्हतो.

ती ऐकत होती. ऐकता ऐकता तिनं काटक्या गोळा केल्या.

गाठोडं कॅरिअरला बांधायला जुन्या ट्यूबची पट्टी होती. चाकूनं तिचा तुकडा कापला, दगडावर घासून खरखरीत केला. फाटलेली ट्यूबही घासली. पायातली चप्पल काढून तिच्या टाचेचा कातडी तुकडा कापला. तो टायरच्या आतून लावायचा, म्हणजे फट झाकते. मग पिंपाच्या कडेला थिजलेलं डांबर खरवडून एका पत्र्याच्या झाकणात घेतलं आणि काटक्यांवर ठेवलं. बानं हे कधी केलेलं मी पाहिलं नव्हतं. तिनं पाहिलं असावं, किंवा तिलाच सुचलं असावं.

डांबर पातळ झालं, त्यातून धूर निघू लागला. काडीनं तिनं ते ट्यूबवर लावलं, ठिगळ ठेवलं आणि वर आणखी ओतलं. मग डावा हात पसरून त्यावर दाबून धरला.

मी म्हणालो, "माय, हात काढ. दगड ठेव वर."

"दगड सरकते," ती म्हणाली. "हात बरा."

डांबर तिच्या बोटांच्या मधून वर आलं. धुराला एक वेगळाच वास येऊ लागला, केस जळतात तसा. ती माझ्याकडं बघत होती. चेहऱ्यावर काही नव्हतं. तव्यावरच्या भाकरीवर हात ठेवावा तशी ती बसली होती, आता उलटते म्हणून.

मी धावत जाऊन तिचा हात ओढला. डांबराबरोबर तळव्याची कातडी निघाली.

तिनं तळहात वर करून पाहिला. दुसऱ्या कुणाचा बघावा तसा. मग तो माझ्यासमोर धरला.

"पाह्यलं?" ती म्हणाली. "मले काही लागलं नाई. चुलीतला इंगळ उचलला तरी लागत नाई. हे नायटा नोहे गुणवंता."

तिनं ते मुद्दाम केलं, की खरंच दगड सरकेल म्हणून हात ठेवला, ते मी तिला कधी विचारलं नाही. पण त्यानंतर मी परत चल म्हणालो नाही. माझ्या अंगातलं भांडणच संपलं. मी पाण्याचा तांब्या तिच्या हातावर ओतला, डांबर निघेना. धोतराचा काठ फाडून बांधू लागलो तर तिनं हात मागं घेतला. मला शिवू देत नव्हती ती. पट्टी उजव्या हातानं आणि दातांनी धरून तिनं स्वतःच बांधली.

टायर मी बसवलं. हवा मी भरली.

ठिगळ नदीच्या अलीकडे काही अंतरावर सुटलं. हळूहळू हवा जात गेली, मग चाक पुन्हा रिमवर आलं. आता ट्यूबमध्ये काही उरलं नव्हतं. मी ती उपसून काढली, बांधावरचं वाळलेलं गवत उपटलं, पिळून पिळून त्याच्या दोऱ्या केल्या आणि टायरमध्ये ठासून भरू लागलो. माय एका हातानं गवत देत होती.

"दाबून भर," ती म्हणाली. "ढिलं राह्यलं तर एकीकडं गोळा होते." थोड्या वेळानं म्हणाली, "एक डाव वरुडच्या बाजाराहून येताना गवतच नव्हतं कुठी. सारं रान जळालेलं. तुह्या बानं न विकलेले खण भरले टायरात. घरी येईपर्यंत खणायच्या चिंध्या. मी लय बोलली त्याले."

"मग बा काय म्हणाला?"

"म्हने, या चाकानं आज जरीकाठी नेसलं."

ती हसली. मीही हसलो. टायर गवतानं भरून दोन्ही चमच्यांनी रिमवर चढवलं, ठोकून गोल केलं. ती बसली आणि मी पायडल मारलं. चाक प्रत्येक फेऱ्याला आतून करकर करत होतं, जड चालत होतं. ती मागं बसून बाच्या फेरीतल्या गोष्टी सांगत राहिली. कुठल्या गावची पाटलीण भावात कशी घासाघीस करायची, कुठं जेवायला मिळायचं. मला मागं वळून बघता येत नव्हतं. आवाज तेवढा येत होता. तो रस्ता आणखी लांब असता तर बरं झालं असतं, असं मला वाटत होतं, आणि पाय मात्र चालत होते.

नदीला पाणी कमी होतं. पलीकडे चढून गेल्यावर लिंबाच्या झाडांमागं आश्रमाची कौलं दिसली. माय तिथंच उतरली. चेहरा धुतला, पदर नीट घेतला. मग म्हणाली, "तिथी मी बोलीन. तू काही बोलू नको. काहीच."

मी म्हणालो, "बरं."

फाटकाशी पायाला पट्ट्या बांधलेला एक म्हातारा बसला होता. त्यानं हाक मारली तशी आतून चष्मा लावलेल्या एक बाई आल्या. तिथलं सगळं त्याच बघत असाव्यात. त्यांनी मायचा हात पाहिला, पट्टी सोडली, आणि भाजलेलं पाहून चुकचुकल्या. चेहऱ्याला हात लावून पाळ्या पाहिल्या. इतक्या सहज हात लावला त्यांनी. घरात गेल्या कित्येक महिन्यांत मायनं कुणाला हात लावू दिला नव्हता.

बाईंनी नाव विचारलं. माय म्हणाली, तुळसा. गाव विचारलं. तिनं कुठल्या कुठं लांबच्या गावाचं नाव सांगितलं. घरी कोण आहे, त्यांनी विचारलं.

"कोनी नाई बाई. मालक मेले. लेकरं झाले नाईत."

मी तिच्याकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती.

"मग हे कोण?" बाईंनी माझ्याकडं बोट दाखवलं.

"हे रस्त्यानं चालले होते," माय म्हणाली. "मी झाडाखाली बसली होती. मले पाहून कोनी थांबत नाई बाई, हे थांबले. सायकलीवर बसवून आनलं. दोनदोनदा टायर फुटलं तरी सोडलं नाई मले. देव भलं करो त्यायचं."

बाई माझ्याकडं अशा नजरेनं बघू लागल्या, की मला ती सहन होईना. असा माणूस विरळा, असं काहीतरी त्या म्हणाल्या. म्हाताऱ्यानं हात जोडले. माझं नाव विचारलं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात माय बोलली.

"त्यायले कायले अडवता बाई. लांब जायचं हाये त्यायले." मग माझ्याकडं वळली. आयुष्यात पहिल्यांदा मला अहोजाहो करून म्हणाली, "जा बापू तुम्ही आता. घरी माय वाट पाहत असन तुमची."

मी सायकल वळवली. दुसरं काय करणार होतो? काही बोललो असतो तर तिनं एवढ्यासाठी जे केलं ते सगळं मातीत गेलं असतं. लिंबाच्या झाडांपर्यंत मी मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं तेव्हा फाटक लागलेलं होतं.

पुढचं सगळं तिनं आणि मामानं ठरवल्याप्रमाणेच झालं. आठवड्यानंतर मामा आमच्या घरी आला आणि अंगणातच बसला. पटकीनं तुळसा गेली, म्हणाला, तिकडंच उरकावं लागलं. शकुन जमिनीवर आडवी झाली. तिला सावरायला शेजारच्या बाया धावल्या. मी नदीवर गेलो, डोकं भादरून घेतलं, पिंड ठेवले. कावळा शिवायला वेळ लागला नाही. लोक म्हणाले, तुळसाची काही इच्छा राहिली नव्हती. मी ओल्या धोतरानं उभा होतो, आणि मला वाटत होतं, आत्ता ती नदीपलीकडे भाकर खात असेल.

मायविना पोर म्हणून शकुनच्या सासरकडच्यांनी लग्न उलट लवकर करून घेतलं. चांगली माणसं निघाली. शकुननं तिथं भरला संसार केला, नातवंडं पाहिली. मागच्या दिवाळीत ती गेली. तिला शेवटपर्यंत काही कळलं नाही. ती होती तोवर मी हे कुणालाच सांगितलं नाही.

लग्न झाल्यावर पुढच्या हिवाळ्यात मी आश्रमात गेलो. कापसाच्या गाड्यांच्या निमित्तानं इकडं आलो होतो, असं सांगितलं. माय तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. शेजारी तिच्यासारखीच एक बाई, कोंडाबाई. मायच्या डाव्या हाताची दोन बोटं आखडली होती, पण चेहरा बरा दिसत होता. गोळ्यांनी गुण येत होता.

"हे ते," ती कोंडाबाईला म्हणाली. "ज्यायनं मले सायकलीवर आनलं."

कोंडाबाईनं बसायला पोतं टाकलं. माय शेंगा सोलत राहिली. मग तिनं विचारलं, घरचे बरे आहेत ना. मी म्हणालो, बरे आहेत, बहिणीचं लग्न केलं.

"कसे हायेत सासरचे?"

"चांगले हायेत. सासू जीव लावते."

"लुगडं कोन्तं नेसली होती?"

"हिरवं. लाल काठाचं."

"बरं दिसलं असन." तिनं शेंग फोडली. "लय रडली काय जाताना?"

"लय रडली."

कोंडाबाई म्हणाली, "रडनच ना. मायच्या गळ्यातून पोरगी सुटते काय लवकर."

मी खाली पडलेली एक शेंग उचलली. कोंडाबाईनं माझ्याकडं पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "माय नाई काय तुमची?"

माय खाली मान घालून होती. हात थांबला होता.

"नाही," मी म्हणालो. "वारली."

मग मायनं शेंगा पुन्हा हातात घेतल्या. "पोरगी मार्गाला लागली ना," ती म्हणाली. "झालं तर मग. तिचा जीव सुखात असन."

त्यानंतर मी दरवर्षी जात राहिलो. ती पूर्ण बरी झाली, आता परत जाऊ शकते असं बाईंनी तिला सांगितलं, पण ती म्हणाली, कुणाकडं जाऊ? मी जायचो तेव्हा रस्त्यानं जाणारा माणूस म्हणूनच जायचो. तुम्ही म्हणायची ती मला. जाताना गुळाचा खडा हातावर ठेवायची, वरून, हाताला हात न लावता. बरी झाल्यावरसुद्धा.

एका वर्षी गेलो तर पोत्यावर कोंडाबाई एकटीच होती. पावसाळ्यात गेली, म्हणाली. चार दिवसांचा ताप. आम्हीच सगळ्यांनी मिळून नेली.

मी विचारलं, कुणाला कळवा म्हणाली का?

"बाईनं विचारलं तिले," कोंडाबाई म्हणाली. "तर म्हने, कोनी नाई माह्यं. मग कूस बदलली. मंग म्हने, तो सायकलवाला आला तर त्याले उपाशी जाऊ देऊ नका."

असं म्हणून कोंडाबाई उठली. चुलीजवळ गेली आणि भाकर, तुरीचं वरण आणि कांदा एका ताटात घालून माझ्यासमोर ठेवलं. ती समोर बसून राहिली. मी सगळं जेवलो.